अबोलीची ओळख

फुलांची नावे बहुधा त्यांच्या रूपावरून वा गंधावरून पडतात. अबोलीचे नाव मात्र तिच्यापाशी जे नाही त्यावरून पडले. मोगरा खोलीबाहेरूनच आपली वर्दी देतो, केवडा तर गल्लीच्या तोंडापासून. हिला गंध नाही, म्हणून ही बोलत नाही, म्हणून अबोली, अशी या नावाची उकल आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आपल्या शहरातील फूलवाल्या तिला कनकांबरम्‌ म्हणतात. कनकांबर म्हणजे सोन्याचे वस्त्र. एकच फूल पाहून मराठी बाईला त्याचे मौन जाणवावे आणि तेलुगू बाईला त्याची झळाळी, यावर भाषेचा एखादा अभ्यासक निबंध लिहू शकेल. माझ्यासारखी हैदराबादेतच जन्मलेली आणि हैदराबादेतच सासरी गेलेली बाई दोन्ही नावे सवयीने वापरते: टोपलीपाशी कनकांबरम्‌, देव्हाऱ्यापाशी अबोली.

सायंकाळी नारायणगुड्यातून किंवा सुलतान बाजारातून जाताना ओल्या फडक्याखाली झाकलेली ती केशरी भेंडोळी आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. त्यांचे माप मुराचे. फूलवालीच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मूर. त्यामुळे आखूड हाताच्या फूलवालीकडे गिऱ्हाईक जरा कुरकुरते. सुटी फुले घाऊक बाजारात वजनावर विकली जातात. तो बाजार पूर्वी जामबागेत भरे, आता गुडीमलकापूरला आहे. अबोलीचे फूल इतके हलके की शेरभर होण्यास ती हजारांनी लागतात, आणि प्रत्येक फूल पहाटे हाताने एकेक खुडावे लागते. गंध नसूनही बायकांनी तिला वेणीत स्थान दिले त्याचे कारण तिची टिकाऊ वृत्ती हे असावे. मोगरा रात्रीत पिवळा पडतो, अबोली दुसऱ्या दिवशीही तोंड टाकत नाही. जोडीला मरवा किंवा मोगरा घातला की गंधाचीही उणीव भासत नाही.

पण वेणीतील अबोली ओळखणे आणि झुडपावरची अबोली ओळखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या घरी ती दररोज येते त्यांतील कितीतरी जणांनी तिचे झाड पाहिलेले नसते. आणि ज्यांनी पाहिलेले असते ते तिला बागेतले फूल समजतात. वास्तविक ती रानातली आहे. आपल्या अंगणातील बरीच मंडळी परदेशातून आलेली आहेत. झेंडू मेक्सिकोकडचा, गुलबक्षी आणि देवळापुढचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला, सदाफुली मादागास्करची, बोगनवेल ब्राझीलची. अबोली मात्र दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची स्वतःची. दख्खनच्या व पूर्वघाटाच्या पानगळीच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीला वाढणारे ते एक लहान, सदाहरित झुडूप आहे. झेंडूला आपण पंक्तीत बसवले आणि घरच्या लेकीला पाहुणी समजलो, असे काहीसे हे झाले आहे.

हे सारे मी एरवी लिहावयास बसले नसते. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात तीस वर्षे गेली असली तरी वनस्पतींवर लेख लिहिण्याचा मला कधी सोस नव्हता. पण २००४ साली आमच्या घरात अबोलीची ओळख हा कुटुंबाचा प्रश्न होऊन बसला.

काचीगुड्याच्या मागच्या अंगाला आमच्या सासरचा वाडा होता. मूळ पुरुष अंबाजोगाईचे, म्हणजे त्या वेळच्या मोमिनाबादचे. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होते; त्यांनी महसुलाची घडी नव्याने बसविली तेव्हा हिशेब जाणणाऱ्या आणि मोडी लिहिणाऱ्या माणसांना राजधानीत मागणी आली, त्या लाटेत हे घराणे इकडे आले. तेव्हा तिकडून रेल्वे नव्हती. छकड्यातून पंधरा दिवसांचा प्रवास करून आलेल्या पणजीबाईंनी सोबत तीन वस्तू आणल्या असे घरात सांगत: योगेश्वरीचा टाक, जाते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले अबोलीचे रोप. यांपैकी टाक देव्हाऱ्यात होता, जाते माळ्यावर होते, आणि अबोली तुळशीवृंदावनाच्या कडेने ओळीने उभी होती. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा दोघींच्या केसांत याच ओळीतली फुले जात. बाजारची वेणी त्या तीन दिवसांत घरात येत नसे. सासूबाईंचा तो दंडक होता.

वाड्यात अबोली आणखी एके ठिकाणी होती. न्हाणीघराच्या मागे, मोरीच्या पाण्यावर, कोणी न लावता न पोसता ती पसरली होती. तिचा रंग फिका, फुले लहान, दिवसाकाठी एका कणसावर दोन-तीनच. "ती मोरीची," असे म्हणून सासूबाई तिच्याकडे पाठ फिरवीत. सांडपाण्यावर वाढलेली फुले देवाला चालत नाहीत, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या रीतीने रास्तच होते. माळी दरवर्षी तिला खणून टाकी आणि दरवर्षी ती फरशीच्या फटीतून पुन्हा उगवे.

२००४ च्या चैत्रात चौघा भावांनी वाडा पाडून सदनिका बांधण्याचे ठरविले. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी कागदांवर निमूट सह्या केल्या आणि एकच अट घातली, "पणजीबाईंची अबोली मरू द्यायची नाही. चारी घरांत एकेक कुंडी जाऊ द्या." अट साधी होती, परंतु त्याच उन्हाळ्यात वृंदावनाकडची ओळ एका टोकाकडून वाळू लागली. झाड उपटून पाहिले तर मुळांना गाठी. अबोलीला सूत्रकृमींचा आणि मर रोगाचा उपद्रव फार, आणि एकदा ती माती बिघडली की औषधाने फारसे साधत नाही. ऐन वैशाखात घाईने लावलेल्या छाट कलमांपैकी एकही जगले नाही. बी धरावे म्हणून कणसे तपासू लागलो, तर एकाही कणसात बी नव्हते. गेल्या वर्षीच्या सुकलेल्या कणसांतही नव्हते. आणि दहा पावलांवर मोरीची अबोली तपकिरी बोंडांनी लगडलेली होती.

एकाच अंगणात एकाच नावाची दोन झाडे. एकाला बी का येते आणि दुसऱ्याला का येत नाही? मी दोन्ही झाडांची एकेक फांदी घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसले. तेव्हा जे पाहिले तेच ओळखीच्या खुणा म्हणून येथे देते.

अबोली अडुळशाच्या कुळातली. झुडूप गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच. पाने पेरापाशी समोरासमोर, पण बहुधा चारचारच्या मंडलात. त्या चारांतली दोन मोठी आणि दोन लहान. पान चकचकीत गडद हिरवे, दोन्हीकडे निमुळते, कडा किंचित लाटांच्या, आणि पात्याचा चिंचोळा भाग देठावर उतरत गेलेला. पानाच्या बगलेतून लांब दांडा निघतो व त्याच्या टोकाला चौकोनी घडणीचे हिरवे कणीस असते. हे कणीस छदांचे, म्हणजे प्रत्येक फुलाच्या तळाशी असणाऱ्या लहान पानासारख्या पात्यांचे बनलेले असते, आणि छद मुंग्यांच्या रांगेसारखे एकावर एक चढलेले असतात. फुले खालून वर उमलत जातात, रोज थोडी. त्यामुळे एकाच कणसाच्या पायथ्याशी बोंडे, मध्ये फुले आणि शेंड्याला कळ्या असा तीन पिढ्यांचा संसार सुखाने नांदतो.

खरी खूण फुलात आहे. एक फूल अलगद उपसून घ्यावे. खाली दोऱ्यासारखी बारीक नळी, आणि वर पाच पाळ्यांचा पंखा. पण हा पंखा सगळा एकाच बाजूला, खालच्या अंगाला, उघडलेला असतो. वरच्या बाजूला पाकळी नाहीच, तिथे नळी चिरलेली दिसते. तळहातावर ठेवले तर एखाद्या लहान मुलीने परकराचा घोळ धरून उभे राहावे तसे ते दिसते. नळी उभी चिरून पाहिली की आत चार पुंकेसर सापडतात, दोन जरा उंच, दोन ठेंगणे, आणि त्यांचे परागकोश लवयुक्त, झालरीसारखे. सॅलिसबरी या इंग्रज वनस्पतिज्ञाने १८०५ साली या प्रजातीला क्रॉसॅन्ड्रा असे नाव दिले ते याच झालरीवरून. ग्रीक भाषेत 'क्रोसोस' म्हणजे झालर आणि 'आन्द्रोस' हे पुरुषवाचक. त्यापूर्वी १७५९ मध्ये लिनियसने हिला निराळ्याच प्रजातीत बसवून 'नरसाळ्याच्या आकाराची' असे विशेषण लावले होते. पुढे १८३२ मध्ये नेस या जर्मन पंडिताने दोहोंची सांगड घातली आणि आजचे क्रॉसॅन्ड्रा इन्फन्डिब्युलिफॉर्मिस हे लांबलचक नाव रूढ झाले. अबोली या तीन अक्षरांपुढे ते उच्चारताना मला वर्गात नेहमी संकोच वाटे.

रानात शोधणाऱ्यांची दिशाभूल होते ती 'रान अबोली' या नावाने. हे नाव आपल्याकडे निदान दोन निराळ्या वनस्पतींना लावतात. एक म्हणजे सह्याद्रीतली दशमुळी. तिची फुले निळी-जांभळी, सुकताना गुलाबी होणारी, पाचही पाकळ्या सारख्या चहूकडे पसरलेल्या आणि दोन पुंकेसर बाहेर डोकावणारे. दुसरा धाकटा अडुळसा. त्याच्या कणसातील छद रुंद आणि फूल निळसर हिरवे, शाईचा डाग पाण्यात पसरावा तशा चमत्कारिक रंगाचे, वरचा ओठ पट्टीसारखा अरुंद व खालचा तीन पाळ्यांचा. दोन्ही अबोलीच्या कुळातल्याच, पण अबोली नव्हेत. पिवळ्या कोरांटीचाही कधी घोटाळा होतो. तिच्या पानांच्या बेचक्यात काटे असतात, अबोलीला काटा नाही. रंग केशरी, काटा नाही, पंखा एका बाजूला आणि पुंकेसर चार, एवढे जुळले की शंका घेण्याचे कारण उरत नाही.

ओट्यावरच्या माझ्या दोन्ही फांद्यांत हे सारे जुळत होते. दोन्ही खऱ्या अबोलीच होत्या. भेद होता तो आणखी खोल. साध्या अबोलीच्या पेशीत वीस गुणसूत्रे असतात, दहादहाचे दोन संच. परंतु बाजारासाठी सर्वाधिक लावली जाणारी, 'दिल्ली' या नावाने प्रसिद्ध असलेली जात त्रिगुणित आहे; तिच्यात तीन संच, म्हणजे तीस गुणसूत्रे. जननपेशी तयार होताना दोन संचांची समसमान वाटणी होते. तिघांची होत नाही. त्यामुळे तिचे फूल मोठे आणि भडक, बहर वर्षभर, पण बी नाही. तिचे सारे वंशसातत्य माणसाच्या हातातल्या कात्रीवर अवलंबून. एकाने छाट लावायचे सोडले की तिचा वंश खुंटला. ही जात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत सर्वत्र पसरली. सालारजंगांच्या वेळच्या छकड्यात ती असणे शक्य नव्हते.

म्हणजे वृंदावनाची अबोली पणजीबाईंची नव्हती.

हा निष्कर्ष कोणाला सांगावा? प्रथम मी आमच्या चुलत सासऱ्यांकडे, तात्यांकडे गेले. ते नव्वदीला टेकलेले, पण स्मरण लख्ख. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "हे बघ सूनबाई, एकोणसत्तरच्या आंदोलनात शाळा-कॉलेजं बंद पडली होती ना, तेव्हा पोरं घरी बसून उच्छाद मांडायची. म्हणून मी त्यांना कामाला लावून वृंदावनाभोवतीची फरशी उखडून घेतली. तेव्हा माळ्यानं जुनी झाडं काढली आणि नवी आणून लावली. जुनी टाकली असतील मागं, न्हाणीघराकडं. वहिनी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या, त्यांना कुठून कळणार?" इतके सांगून त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

पस्तीस वर्षे! तितकी वर्षे सासूबाई माळ्याने आणलेल्या झाडाला पणजीबाईंचे म्हणून पाणी घालीत होत्या आणि पणजीबाईंचे झाड मोरीवर उगवते म्हणून उपटवीत होत्या. घरात दोन पक्ष पडले. थोरले भाऊजी म्हणाले, या वयात आईंना हे सांगण्याची गरज काय. एक वृंदावनाची म्हणून, मोरीचीच कुंडी देऊ, त्यांना कुठे दिसते आता नीट. धाकट्या जाऊबाईंना तेही पटेना. माझे मत असे होते की ज्या बाईने चौघांच्या वाटण्या निमूट मान्य केल्या तिला फुलाच्या बाबतीत तरी फसवू नये.

त्या वर्षी श्रावण अधिक आल्यामुळे महालक्ष्म्या उशिरा, सप्टेंबरच्या उत्तरार्धात होत्या. त्याआधीच्या आठवड्यात एके दुपारी मी मोरीच्या अबोलीची सुकलेली बोंडे खुडून आणली आणि सासूबाईंच्या पुढ्यात पाण्याची वाटी ठेवली. हा प्रयोग कोणालाही करता येण्यासारखा आहे. पुरते वाळलेले तपकिरी बोंड पाण्यात टाकावे व हात आखडून घ्यावा. काही क्षण काहीच होत नाही. मग 'टच्‌' असा आवाज होऊन बोंड दुभंगते आणि आतले चार बिया दूर फेकल्या जातात. बोंडाच्या भिंती वाळताना आतून ताणल्या गेलेल्या असतात. पाणी लागताच त्यांची शिवण उसवते, आणि बियांखालच्या आकड्या त्यांना गोफणीसारख्या उडवितात. बी खवल्यांचे असते आणि भिजले की बुळबुळीत होऊन मातीला चिकटते. रानात पहिली सर आली की हे काम आपोआप होते. इंग्रजीत या झाडाला फटाक्याचे फूल म्हणतात ते यासाठी.

एक बी सासूबाईंच्या चष्म्यावर जाऊन आदळले. त्या दचकल्या, हसल्या. मग मी त्यांना सगळे सांगितले, तात्यांची फरशीही सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडले नाही. शेवटी विचारले, "मग इतकी वर्षं मी देवीला कुणाची फुलं वाहिली?"

याला वनस्पतिशास्त्रात उत्तर नाही. मी गप्प राहिले. काही वेळाने त्यांनीच वाटी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "आणखी एक बोंड आहे का गं?"

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या केसांत मोरीच्या अबोलीची वेणी गेली. फुले लहान, म्हणून दुप्पट लागली. रंगही फिका, जुन्या अबोली रंगाच्या लुगड्याची आठवण देणारा. सासूबाईंनी आदल्या दिवशी ती झाडे तीन कळशा पाण्याने धुऊन घेतली, एवढी तडजोड त्यांनी शास्त्राशी केली. मात्र वृंदावनाच्या वाळक्या ओळीतून जी चार झाडे शिल्लक होती त्यांचीही छाट पावसाळी हवेत पुन्हा लावण्यास त्यांनी मला सांगितले. "तिनंही पस्तीस वर्षं सेवा केलीय," हे त्यांचे कारण होते. यावेळी सहापैकी दोन जगल्या. दिवाळीनंतर वाडा पडला.

रानातली अबोली मी पाहिली ती दोन वर्षांनी, २००६ च्या कार्तिकात, श्रीशैलमच्या वाटेवर. १६७७ साली गोवळकोंड्याची भेट आटोपून शिवछत्रपती दक्षिणेच्या स्वारीत मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला गेले होते, त्यामुळे आपली मंडळी त्या यात्रेला एका निराळ्याच ओढीने जातात. हैदराबादपासून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. मन्ननूरचा नाका ओलांडला की नल्लमला सुरू होते. निजामांच्या काळचे शिकारीचे रान ते. तेव्हा ते नागार्जुनसागर–श्रीशैलम व्याघ्रप्रकल्पात मोडत असे; २०१४ मध्ये राज्याची विभागणी झाल्यानंतर तेलंगणाकडचा भाग अमराबाद व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला जातो, आणि रात्री त्या रस्त्याने वाहने सोडत नाहीत. एका ओहोळाजवळ गाडी थंड करण्यास थांबलो. साग, धावडा, ऐन, मधूनच बांबू. पावसाळा सरून महिना झालेला, गवत पिवळे पडू लागलेले. ओहोळाच्या काठच्या सावलीत मात्र गडद हिरवी पाने दिसली आणि त्यांच्यावर विरळ, फिकट केशरी ठिपके. जवळ जाऊन पाहिले. चार पानांचे मंडल, चौकोनी कणीस, एका बाजूचा पंखा. पायथ्याशी फुटून रिकामी झालेली बोंडे. न्हाणीघरामागची अबोली जशीच्या तशी.

सोबतच्या वनरक्षकाने "अडवी कनकांबरम्‌," म्हणून सांगितले आणि हात लावू नका, असेही बजावले. व्याघ्रप्रकल्पातून पान खुडण्याचीही मनाई असते व ती योग्यच आहे. मी बोंड घेतले नाही. माझ्या सज्ज्यात त्याचीच भावंडे होती.

परत आल्यावर तात्यांना हे वर्णन केले. त्यांनी विचारले, "म्हणजे पणजीबाईंनी आणली ती अंबाजोगाईची, की इथं आल्यावर कुणा चेंचूनं डोंगरातून आणून विकली ती?" दोन्ही ठिकाणची रोपे शेजारी ठेवली तर कोणीही त्यांत फरक करू शकणार नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, "मग आपल्या वंशावळीत काही लिहू नकोस. छकडं आपलं, एवढं नक्की." तात्या २००८ साली गेले, सासूबाई त्याच्या पुढच्या वर्षी. चार घरांतल्या चार कुंड्यांपैकी वृंदावनाच्या जातीची आता एकही उरलेली नाही. छाट लावायला कोणाला सवड झाली नाही. बियांची अबोली चारही घरांत आहे. इतकेच नव्हे, आमच्या खालच्या मजल्यावरील तेलुगू शेजारणीच्या कढीलिंबाच्या कुंडीतही ती न विचारता उगवली, आणि शेजारणीने ती तशीच राहू दिली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुनी अबोली असेल त्यांनी एवढे करून पाहावे. कणसाच्या पायथ्याशी बोंडे धरतात का ते भाद्रपद ते पौष पाहत राहावे. बोंडे खालून वर पिकतात. हिरवी तपकिरी होऊ लागली की पातळ मलमलीची पुरचुंडी कणसाला बांधावी, नाहीतर पहिल्या दमट सकाळी सर्व बी शेजाऱ्यांच्या अंगणात. बी ताजेच पेरावे, वर जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्मी माती, जागा अर्धवट सावलीची, पाणी निचरून जाणारे. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतो. ज्या मातीत जुने झाड गाठी येऊन मेले तिथे पुन्हा अबोली लावू नये. लावायचीच तर आधी एक हंगाम झेंडू घ्यावा, त्याच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात. आणि सबंध हंगामात एकही बोंड दिसले नाही तर झाड बाजारी जातीचे समजावे. ते टाकून देऊ नये. मात्र त्याची छाट आषाढ-श्रावणातच लावून घ्यावी. वैशाखात ती धरत नाही.